टबाच्या काठावर बसलेली मी

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीलाच सांगतो, की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी ते वाचून हसायचे. म्हणायचे, विश्वास नव्हता तर मग सगळं नेमकं तुमच्याच घरी कसं घडतं बाबा? आता माझ्यावर तीच वेळ आलीय आणि दुसरी सुरुवात सुचत नाहीये… तर माझाही नव्हता. आज आहे का, ते विचारू नका. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. उसाचा रस, साखर, बॉयलरचं पाणी, जे समोर येईल ते तपासायचं आणि आकडा लिहायचा, हे माझं काम. आकडा आला तर वस्तू आहे, नाही आला तर नाही. एवढं साधं डोकं आहे माझं.

आणि खरं सांगू का, मला इथे त्या न कळणाऱ्या प्रकाराइतकंच एका माणसाबद्दल लिहायचंय. माझ्या सख्ख्या भावाबद्दल. एक सोडून दुसरं सांगता येत नाही, म्हणून दोन्ही सांगते. रागात लिहितेय, तेव्हा कुठे तोंड सुटलं तर समजून घ्या.

आमचं गाव कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात अजून नगरच येतं, तसं या नदीलाही आमच्याकडे कोणी गोदावरी म्हणत नाही. गंगाच म्हणतात. "गंगेला पाणी आलं", "गंगेवर गेल्तो" असं. रस्त्याच्या कडेला आमचा ऊस, उसाच्या पलीकडे गंगा, आणि मधल्या तुकड्यात दादाने चार खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. शिर्डीला दर्शनाला आलेली मंडळी एखादा दिवस मुक्कामाला यायची. चुलीवरचं जेवण, हिवाळ्यात हुरडा, पोरांना बैलगाडी. बरं चाललं होतं. मग दादाने मोबाईलवर कुठेतरी बघितलं आणि हॉट टब आणला.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सहा माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसतील एवढं मोठं फायबरचं टाकं, पाणी सतत गरम, खालून बुडबुडे. तेच पाणी पंपाने फिरत राहतं, रोज बदलत नाहीत. पाणी स्वच्छ राहावं म्हणून बाजूला ओझोनचं मशीन बसवलेलं. बसवून द्यायला आलेला माणूस सांगून गेला, "ओझोन आहे, काही टाकायची गरज नाही." दादाला तेवढंच ऐकायचं होतं.

मी त्याला बसवून समजावलं. ओझोन चांगलाच आहे. जंतू मारतो, अंगाचं तेल, घाम तोडतो, पाण्याला वास येऊ देत नाही. पण तो टिकत नाही. ओझोन म्हणजे धुण्याभांड्याला येणारी बाई. येते, हात चालवते, निघून जाते. दिवसभर घरात जे सांडतं त्याला घरात राहणारं माणूस लागतं, आणि ते म्हणजे क्लोरीन. सहा जण त्या पाण्यात बसले की सहा जणांच्या अंगावरचं सगळं त्यात उतरतं, आणि गरम पाण्यात तर जंतूंची चंगळच. ओझोन असला की क्लोरीन थोडं कमी लागतं, इतकाच त्याचा अर्थ. क्लोरीन नकोच, असा नाही.

गावात नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट तुम्ही बघितली असेल. ग्रामपंचायतीचा माणूस काचेच्या नळीत पाणी घेतो, औषधाचे दोन थेंब टाकतो. पिवळं झालं तर पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलंय, पांढरं राहिलं तर नाही. टबालाही तीच परीक्षा, फक्त पिवळा रंग जरा गडद हवा. मी दादाला किट आणून दिलं, क्लोरीनचे दाणे किती टाकायचे ते शिकवलं. गळीत हंगामात मला कारखाना सोडून हलता येत नाही, म्हणून ठरवलं की रोज सकाळी दाणे टाकायचे, थोड्या वेळाने टेस्ट करायची आणि नळीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा.

पाहुण्यांसाठी एवढा आटापिटा मी केला नसता. पाहुणे त्याचे, धंदा त्याचा. मी केला तो आईसाठी.

आई दादाकडेच असते… असायची. तिला साखर आहे आणि दोन्ही गुडघे गेलेत. कोमट पाण्यात बसलं की तिला बरं वाटायचं, म्हणून पाहुणे उठायच्या आधी ती सकाळी त्या टबात बसायची. आमचे वडील, अण्णा, साखरेनेच गेले. चप्पल लागल्याचं निमित्त, तळपायाला फोड, तो चिघळला, मग बोट, मग गुडघ्याखाली पाय. शेवटच्या दिवसांत मी आणि दादा आळीपाळीने ड्रेसिंग करायचो. तो वास अजून माझ्या नाकात आहे. म्हणूनच टब आल्यावर मी दादाला बजावलं होतं की पाणी फार गरम ठेवू नकोस, रोज तिचा तळपाय बघ, आणि टेस्ट केल्याशिवाय तिला पाण्यात पाय घालू देऊ नकोस. त्यावर तो काय म्हणाला ते मला शब्दन् शब्द आठवतंय.

"कल्पे, हे मला सांगायला लागतंय का? अण्णांचा पाय मी न्हाई बघितला?"

रोज सकाळी फोटो यायचा. नळीत छान पिवळं पाणी, मागे टबाचा काठ. मी अंगठा पाठवायचे आणि निवांत चहा प्यायचे. दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला, फोटो काही चुकला नाही. मी लॅबमध्ये सगळ्यांना कौतुकाने दाखवायचे, बघा माझा भाऊ, शिकलेला नाही फार पण शब्दाचा पक्का.

आता त्या दिवसाचं सांगते.

मी सकाळच्या शिफ्टला होते. रसाचे नमुने आले होते, सुरेखा आणि मी मिळून ते बघत होतो. सुरेखा म्हणजे लॅबमधली माझी जोडीदार, आम्ही पहाटेपासून एकमेकींच्या समोर होतो. आईचा फोन आला. एवढ्या सकाळी ती करत नाही, म्हणून लगेच उचलला.

"काय गं कल्पे, मी चहा टाकला हुता तुझ्यासाठी. अशी न सांगता निघून गेली व्हय?"

"कुठून निघून गेले?"

"आता हुती न टबापाशी. मी म्हनलं बस, चहा घेऊन जा. मागं फिरून बघते तर न्हाईच. एवढी कसली घाई गं?"

मला वाटलं, आईची साखर उतरली. साखर कमी झाली की माणूस काहीही बोलतं, हे मी अण्णांच्या वेळी बघितलंय. मी म्हटलं, "आई, काही खाल्लंस का? आधी गूळ तोंडात टाक."

"मला काय झालंय गूळ खायाला? तूच म्हनली, पान्यात उतरू नको. म्हनून न्हाई उतरले. ही बघ, कोरडी बसलेय बाजेवर."

मी सुरेखाकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता, तिनेही ऐकलं होतं. मी विचारलं, "आई, मी अजून काय म्हणाले?"

आईने सांगितलं. ती नेहमीप्रमाणे टॉवेल घेऊन टबाकडे गेली, तर मी काठावर उकिडवी बसले होते. अंगात लॅबचा पांढरा कोट, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. हातात नळी. मी तिच्याकडे बघितलंच नाही म्हणे, सगळं लक्ष पाण्याकडे. नळीत दोन थेंब टाकले, वर उजेडाला धरली आणि म्हणाले, "बघ आई, पांढरंच राहिलं." आईने विचारलं, पिवळं पाहिजे ना? तर मी म्हणाले, "दादा रोज पिवळं दाखवतो ती हळद आहे. उतरू नकोस." आणि तिच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं.

"डाव्या पायाला काय झालंय?" मी विचारलं.

आई बारीक आवाजात म्हणाली, "जरासा फोड आलाय. नव्या चपलीचा. तुला कुनी सांगितलं गं? मी तं कुनालाच बोलले न्हाई."

मला नाही सांगितलं कोणी. मला काहीच माहीत नव्हतं, ना फोडाचं ना हळदीचं.

मी सुरेखाला म्हटलं, तू सांभाळ. माझ्या खणाला कुलूप असतं, ते उघडून माझं किट काढलं, पर्समध्ये टाकलं आणि स्कूटी काढली. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यातून वाट काढत गावात कशी पोचले ते मला आठवत नाही. डोक्यात सारखं एकच चाललेलं, की आई भ्रमली असेल, पण हळद का म्हणाली? भ्रमलेलं माणूस नदी म्हणेल, अण्णा आले म्हणेल. हळद?

फाटकातून आत शिरले तर समोर नवीन पाटी. हंगामात मी तिकडे फिरकले नव्हते, त्यामुळे ती मी पहिल्यांदाच बघत होते. मोठ्या अक्षरांत, "गंगाजल ओझोन स्नान, संपूर्ण केमिकल-फ्री". खाली तांब्याच्या कलशाचं चित्र. मी तिथेच थांबले. स्कूटी बंद करायचंही सुचलं नाही.

आई खरंच बाजेवर बसली होती, टॉवेल मांडीवर. मी आधी तिचा पाय हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी फोड फुटून कातडी सुटली होती, आत लाल. तिला त्याचं दुखणंही कळत नव्हतं. अण्णांनाही नव्हतं कळत. मी तो पाय धरून तशीच बसून राहिले थोडा वेळ, रडू आलं मला.

"कोट कुठं ठिवला?" आईने विचारलं.

"आई, मी आत्ता येतेय. सकाळी नव्हते आले."

"आता गं बया… थट्टा करती का?"

मी टबाकडे गेले. पाण्यावर वाफ, ओझोनचं मशीन गुरगुरत चाललेलं, पाणी दिसायला अगदी नितळ. काठावर कलश ठेवलेला, वर नारळ. आणि कलशाच्या शेजारी एक काचेची नळी होती, अर्धी पाण्याने भरलेली. पांढरं, स्वच्छ पाणी. नळीवर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ.

ती रेघ मी मारलेली आहे. माझ्या किटमधल्या नळ्यांवरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या म्हणून मीच मारली होती. पर्समधून किट काढून उघडलं. दोन नळ्यांच्या जागा, नळी एकच.

इथे मी प्रामाणिकपणे सांगते, निघताना मी किट उघडून बघितलं नव्हतं. एक नळी आधीच कुठे हरवली असेल का, मी कधी आधी इथे विसरले असेन का… असेल. मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दिवाळीपासून मी त्या टबाशी गेले नव्हते आणि ते किट कारखान्याबाहेर नेलं नव्हतं, एवढं मला आठवतंय.

राहिलेल्या नळीत मी टबाचं पाणी घेतलं. दोन थेंब टाकले. हलवलं. पांढरं. परत घेतलं, परत पांढरं. क्लोरीनचा अंशही नाही. दाण्यांचा डबा शेडमध्ये होता, मी दिला होता तसाच, वरचं सीलसुद्धा फोडलेलं नाही.

मग मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी पाहुण्यांचे पोहे करत होत्या. मी विचारलं, "वहिनी, दादाकडचं किट कुठंय?"

त्यांनी माझ्याकडे न बघता फळीवरून काढून दिलं. त्यातली नळी तळापासून पिवळी पडलेली. काचेला चिकटलेला तसला पिवळा क्लोरीनचा नसतो. मी बोट घालून नाकाशी नेलं. आता हळदीचा वास कळायला काही केमिस्ट व्हावं लागत नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ताई, मला नका विचारू," वहिनी म्हणाल्या. "मी हळदीचा डबा द्यायची. कशाला ते नव्हतं विचारलं." मग पोहे हलवत, "विचारलं असतं तर सांगितलं असतं का त्यांनी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रोज सकाळी. रोज सकाळी हा माणूस उठून नळीत पाणी घ्यायचा, चिमूटभर हळद टाकायचा, गाळायचा, उजेडात धरून फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. दाणे टाकायला याच्या निम्मे कष्ट पडले असते. फसवायला जेवढी निगुती लागली, तेवढी पाण्याला लावली असती तर काय झालं असतं? आणि मी अंगठा पाठवत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

दादा भाजी घेऊन आला. मला बघून हसला. "अरे वा, आज इकडं कशी?"

"पाण्यात दाणे टाकलेस का सकाळी?"

"टाकले ना. फोटो न्हाई आला का? रेंजच न्हाई बघ इथं."

मी त्याच्यासमोर टेस्ट केली. पांढरं. तो म्हणाला, तुझं औषध जुनं झालं असेल. मी पर्समधून पिण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण काढलं, एक थेंब ग्लासभर पाण्यात टाकला आणि त्याची टेस्ट केली. लख्ख पिवळं. मग मी त्याची नळी त्याच्या हातात दिली. त्याने ती बघितली आणि खिशात घातली, जणू काही हरवलेली वस्तू सापडली.

"हे बघ," तो म्हणाला, "लोकांना मी गंगेचं पानी म्हणून सांगतो. रोज कलशभर गंगेचं पानी पूजा करून त्यात सोडतो. लोक डोक्याला लावतात, डोळ्याला लावतात. गुजरातेतून आलेल्या म्हाताऱ्या नमस्कार करून उतरतात त्याच्यात. त्या पान्यात मी ब्लीचिंग टाकू? तीर्थात औषध टाकतं का कुनी? वास आला तर एक माणूस थांबायचं न्हाई. आणि ओझोन हाय ना."

"गंगेत गावाचं सगळं गटार येतं दादा. ते तू बाहेरून आणून गरम टाक्यात ओततोस."

"तुला कशाचंच काही वाटत न्हाई."

"मला काही वाटत नाही? बरं. तुझ्या गिऱ्हाइकांचं सोड. आईला त्यात का बसवलंस?"

तो भाजीची पिशवी उतरवायला लागला. मी परत विचारलं. "तिच्या पायाला फोड आलाय. बघितलास? रोज बघणार होतास ना?"

त्याने बाजेकडे बघितलं. आईने पाय पदराखाली घेतला. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बसेल, पाय बघेल, चुकलं म्हणेल. एवढंच हवं होतं मला. त्याने ते म्हटलं असतं तर आज मी हे इथे लिहिलंही नसतं.

तो म्हणाला, "काय झालंय का तिला? न्हाई ना? मग?"

आणि आईने, तिच्या भोळेपणात, सगळं सांगून टाकलं. की कल्पी सकाळीच आल्ती, तिने तपासलं, तिनेच उतरू दिलं नाही, हळदीचं तिनेच सांगितलं. दादाचा चेहरा बदलला. इतका वेळ पकडला गेलेला माणूस होता तो, एका क्षणात फसवला गेलेला झाला.

"म्हंजे तू चोरून येती," तो म्हणाला. "माझ्या घरात चोरून येऊन माझं पानी तपासती. वर आईचे कान भरती."

"मी शिफ्टला होते. सुरेखाला विचार."

तो आत गेला, फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघून आला. फाटकातून कोणीच आलं नव्हतं. मला वाटलं आता हा पण माझ्यासारखा गार पडेल. कुठलं काय. "मागून आली तू," तो म्हणाला. "गंगेकडून, उसातनं."

मी बाह्या वर केल्या. उसातून माणूस चाललं की पात्यांनी हात फाटतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. माझ्या हातावर एक ओरखडा नव्हता. त्याने बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याला बघायचंच नव्हतं.

मी आईला त्याच दिवशी कारखान्यावरच्या माझ्या क्वार्टरवर घेऊन आले. डॉक्टरांनी पाय बघितला, औषध लावलं, म्हणाले वेळेत दाखवलंत. दोन दिवसांनी दादाकडे पाहुण्यांचे फोन सुरू झाले. त्याच आठवड्यात टबात बसलेल्या एका कुटुंबातल्या तिघांच्या पाठीवर, मांड्यांवर पू भरलेल्या पुळ्या उठल्या होत्या. घाणेरड्या गरम पाण्याची ती खास खूण. त्यातल्या एका काकूंना साखर होती, त्यांना ॲडमिट करावं लागलं. बऱ्या झाल्या, देवाची कृपा. हे मला वहिनींनी फोन करून सांगितलं, हळू आवाजात. ज्या पाण्याने त्यांना हे झालं, त्याच पाण्यात त्या सकाळी माझी आई उघडा फोड घेऊन उतरणार होती.

दादाने टबावर ताडपत्री टाकली, पाटी काढली. आणि नातेवाइकांत सांगितलं की बहिणीला माझं बरं बघवेना, ती चोरून येऊन पाण्यात काहीतरी कालवून गेली म्हणून पाहुण्यांना त्रास झाला. हळदीचा विषय त्याने कुठेच काढला नाही. आमचे मामासुद्धा मला म्हणाले, "कल्पना, भावाच्या धंद्यावर असं उठू नये गं." त्यानंतरच्या दिवाळीत, यंदा, भाऊबीजेला मी गेले नाही आणि त्यानेही बोलावलं नाही.

आता प्रश्न उरतो तो तुम्हाला माहीत आहे. ती कोण होती?

मी सगळं करून बघितलंय. वहिनी असतील का? त्या माझ्यापेक्षा वीतभर ठेंगण्या आहेत, आणि त्यांनी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला आता सुईत दोरा ओवता येतो. आईनेच दादाला हळद कालवताना कधी बघितलं असेल आणि तिच्या मनाने मला उभं केलं असेल, असं सुरेखाचं म्हणणं आहे. असेल बाई. आई म्हणते तिने काही बघितलं नव्हतं. मग थेंब टाकून नळी उजेडाला धरायची ही माझी सवय, तीही आईला कुठून माहीत? मी तिच्यासमोर कधी टेस्ट केलेली नाही. ती नळी मी आणून लॅबमधल्या खणात ठेवलीय. कुलूप लावते. रोज उघडून दोन्ही मोजते, वेड्यासारखी.

भीती वाटते का म्हणाल तर नाही. मला दुसरंच काहीतरी होतं. राग येतो, आणि तो कुणाचा ते ठरवता येत नाही. दादाचा आहेच. पण ती जी कोण होती तिचाही येतो कधी कधी. तिला आधी कळलं होतं. फोड कळला होता, हळद कळली होती. मग माझ्याच तोंडाने आईला सांगून गेली, मला नाही सांगितलं. एक फोन मला केला असता तर काय बिघडलं असतं? हे लिहिताना मलाच हसू येतंय, पण असंच वाटतं.

आईला मी एकदा नीट बसवून खरं सांगितलं. म्हटलं, आई, मी नव्हते. मी कारखान्यात होते, देवाशप्पथ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "त्यानं फसवलं ते फसवलं. आता तू बी तेच करती? मी माझ्या डोळ्यांनी बघितलं तुला. आता कुनावर इस्वास ठिवायचा गं मी?"

त्यानंतर दोन दिवस ती नीट जेवली नाही.

आता संध्याकाळी मी तिच्यासाठी घमेल्यात कोमट पाणी काढते. ती खुर्चीत बसते, पाय वर धरून ठेवते आणि पाण्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघते. मी म्हटल्याशिवाय पाय घालत नाही. रोज तेच विचारते.

"त्या दिवशी तूच आल्ती ना?"

"हो आई," मी म्हणते. "मीच आले होते."

मग ती पाय पाण्यात सोडते.